तोफेचा साचा आणि थकलेला पगार

नामपल्ली स्थानकातून बाहेर पडून आबिड्समार्गे फतेह मैदानाकडे निघाले, की 'गनफौंड्री' हे नाव कानी पडते. रिक्षावाल्यास पत्ता सांगताना आपणही ते सहज उच्चारतो. परंतु या ठिकाणी खरोखरच तोफा ओतण्याची भट्टी होती, आणि तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? जुने लोक त्या जागेस 'तोप का सांचा' म्हणत. गेल्या सुट्टीत घरच्या मुलांना घेऊन आम्ही तेथे गेलो असता एकाने विचारले, "या तोफा कोणावर रोखायच्या होत्या?" आम्ही क्षणभर अडखळलो. कारण खरे उत्तर 'आपल्यावरच' असे होते.

दुसरा आसफजाह निजाम अली खान याच्या काळी हैदराबाद राज्यास तीन बलाढ्य शेजारी होते: पुण्याचे पेशवे, श्रीरंगपट्टणचा टिपू आणि इंग्रजांची कंपनी. घोडदळ कितीही शूर असले, तरी रांगेत उभे राहून हुकुमासरशी बंदुकांच्या फैरी झाडणाऱ्या कवायती पायदळापुढे आणि त्याच्या सोबतच्या तोफांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण, हे सर्व दरबारांस कळून चुकले होते. म्हणून निजामाने मिशेल रेमाँ या फ्रेंच सेनानीस नोकरीस ठेवले. रेमाँचा आरंभ अवघ्या ३०० शिपायांनिशी झाला. त्यांच्या बंदुकाही एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून दर नगास महिना आठ आणे भाड्याने घेतलेल्या होत्या! पुढे १७८६ मध्ये ही भट्टी उभी राहिली, आणि रेमाँची फौज वाढत वाढत चौदा हजारांच्या घरात गेली. हैदराबादच्या लोकांनी या परदेशी माणसास 'मुसा राम' आणि 'मुसा रहीम' करून टाकले. मुसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाची.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या मैदानावर या नव्या फौजेची परीक्षा झाली. समोर सवाई माधवराव पेशव्यांचे सैन्य होते. परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती होते, आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाच्या हाताखाली लढत होत्या. रेमाँचे पायदळ नेटाने लढले. पण निजामानेच माघारीचा हुकूम दिला आणि खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला. मराठ्यांचा विजय झाला. आपल्या घराघरांतून ही कथा अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ती तेथेच थांबवणे योग्य नाही.

मार्च १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी निजामाने कंपनीशी तह करून फ्रेंच फौज मोडण्याचे मान्य केले. पगार थकल्यामुळे रेमाँचे शिपाई आधीच चिडलेले होते. फौज मोडल्याची वार्ता कळताच २१ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांस अटकेत टाकले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सैन्याने छावणीस वेढा घातला, थकबाकी चुकती करण्याचे वचन मिळाले, आणि काही तासांत रक्तपात न होता त्या हजारो शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. तोफा होत्या, बंदुका होत्या, कवायतही होती. पण हुकूम परक्यांचा होता आणि शिपायाच्या घरी पैसा पोहोचत नव्हता. त्यानंतर निजामाने कंपनीच्या तैनाती फौजेसाठी सालीना २४,१७,१०० रुपये मोजले. पुढे १८०० मध्ये त्या खर्चापोटी बल्लारी, कडप्पा हा सारा मुलूखच देऊन टाकावा लागला.

यावर मराठी वाचकाने हसू नये. आपल्याकडेही हेच घडले. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या साहाय्याने हिंदुस्थानातील एक उत्कृष्ट फौज उभी केली होती. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच कंपनीने जाहीरनामा काढला आणि शिंद्यांच्या पदरचे अनेक इंग्रज अधिकारी निघून गेले. सप्टेंबरच्या आरंभी खुद्द पेराँही इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच महिन्यात, २३ तारखेस, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत मराठी गोलंदाज तोफांशेजारी उभे राहून मेले; त्यांच्या शौर्याची वाखाणणी शत्रूनेही केली. उणीव शौर्याची नव्हती, तोफांचीही नव्हती. पलटणींची सूत्रे भाडोत्री हातांत होती.

दीडशे वर्षांनी याच राज्यात पुन्हा शस्त्रांची घाई झाली. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रे आणीत असे. १३ सप्टेंबरला भारतीय सेना शिरली, १७ तारखेस निजामाने युद्ध थांबवले आणि १८ तारखेस जनरल एल एद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. प्रजेचे मन ज्या सत्तेपासून दुरावले आहे, तिला विमानांनी आणलेल्या पेट्या वाचवू शकल्या नाहीत.

आज याच शहरात कांचनबागेच्या बाजूस भारत डायनॅमिक्स (स्थापना १९७०) क्षेपणास्त्रे बनवते, आणि मिश्र धातु निगम (१९७३) त्यांस लागणारे विशेष धातू ओतते. भट्टीची विद्या पुन्हा हैदराबादेस आली आहे; या खेपेस ती शिकलेली माणसे येथलीच आहेत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या सुट्टीत मुलांना गनफौंड्रीस अवश्य न्या. तोफ कोणावर रोखलेली होती, हे त्यांना न लपवता सांगा. आणि नवे शस्त्र घेण्यापूर्वी ते चालवणार कोण, दुरुस्त करणार कोण आणि त्या माणसाचा पगार वेळेवर देणार कोण, हे विचारण्याची सवयही लावा. या तीन प्रश्नांकडे निजामाच्या दरबाराने आणि शिंद्यांच्या दौलतीने वेळीच लक्ष दिले नाही. त्याची किंमत आपल्या पूर्वजांनी दोन्ही बाजूंनी मोजली.