जिवाणूंमधील रंगद्रव्यनिर्मिती व खनिज पोषके

काही जिवाणू वाढत असताना रंगीत द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये किती प्रमाणात तयार होतील, हे जिवाणूच्या जातीप्रमाणेच त्याला मिळणाऱ्या लोह, मॅग्नेशियम, फॉस्फेट, सल्फेट इत्यादी खनिजांवरही अवलंबून असते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हे याचे चांगले अभ्यासले गेलेले उदाहरण होय. जखमा, भाजलेली त्वचा व फुप्फुसे यांत संसर्ग करणारा हा जिवाणू निळे पायोसायनिन आणि अतिनील प्रकाशात चमकणारे पिवळट हिरवे पायोव्हर्डिन ही दोन प्रमुख रंगद्रव्ये बनवतो. फ्रेंच शास्त्रज्ञ कार्ल गेसार यांनी १८८२ मध्ये जखमेवरील पट्ट्यांच्या निळ्या-हिरव्या रंगाचा शोध घेताना तो वेगळा केला.

लोहाचा परिणाम

पायोव्हर्डिन हे मुळात लोह मिळवण्याचे साधन आहे. रंग हा त्याचा आनुषंगिक गुण म्हणावा लागेल. मानवी रक्तात मुक्त लोह जवळजवळ नसते, कारण ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते बांधून ठेवते. जिवाणूने बाहेर सोडलेले पायोव्हर्डिन हे लोह पकडते आणि पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीमार्फत आत नेते. पेशीत पुरेसे लोह असल्यास 'फर' नावाचे नियामक प्रथिन लोहाशी संयोग पावून पायोव्हर्डिननिर्मितीला लगाम घालते. त्यामुळे लोहयुक्त माध्यमात जिवाणू भरघोस वाढतो, परंतु त्याची चमक नाहीशी होते. शिवाय लोहाशी बांधले गेलेले पायोव्हर्डिन स्वतःही चमकत नाही. फिकट वसाहत दुर्बल जिवाणूंची असते, हा समज म्हणूनच येथे लागू पडत नाही.

इतर खनिजे व निदान

जॉर्जिया व पो यांनी १९३१ मध्ये जिवाणूंच्या चमकेसाठी मॅग्नेशियम, फॉस्फेट व सल्फेट आवश्यक असल्याचे दाखवले. १९५४ मध्ये किंग, वॉर्ड व रॅनी यांनी दोन माध्यमे सुचवली. दोन्हींत पेप्टोन व ग्लिसरॉल असते; फरक मुख्यतः क्षारांचा आहे. 'किंग ए' मध्ये पोटॅशियम सल्फेट व मॅग्नेशियम क्लोराइड असून त्यात पायोसायनिन ठळक दिसते. 'किंग बी' मध्ये डायपोटॅशियम फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट असून ते पायोव्हर्डिनला अनुकूल ठरते. फॉस्फेटची टंचाई पायोसायनिनची निर्मिती वाढवते.

पायोसायनिन ही स्यू. एरुजिनोसाची ओळखीची खूण मानली जाते, तर पायोव्हर्डिन स्यू. फ्लुओरेसेन्स व स्यू. पुटिडा यांसारख्या जातींतही आढळते. मात्र या जिवाणूचे काही वाण रंगहीन असतात. त्यामुळे केवळ रंग न दिसल्यावरून संसर्ग नाकारता येत नाही. माध्यम कोणते होते, हेही पाहावे लागते. दोन्ही रंगद्रव्ये मिसळलेली असल्यास क्लोरोफॉर्म वापरतात: त्यात पायोसायनिन विरघळते, पायोव्हर्डिन पाण्यातच राहते.