द्वंद्वात्मक व्हिडिओ खेळांतील पात्रांचे प्रारंभिक बलमापन : एक विवेचन

प्रस्तावना :
दोन खेळाडू आपण निवडलेल्या पात्रांद्वारे परस्परांशी लढतात, अशा व्हिडिओ खेळांना 'फायटिंग गेम' असे संबोधले जाते. नवा खेळ बाजारात येताच जाणकार खेळाडू पात्रांची बलानुसार श्रेणीवारी लावतात. तिला 'टिअर लिस्ट' म्हणतात. अनेक खेळाडू तिच्या आधारे सरावासाठी पात्र निवडतात. म्हणूनच या प्रारंभिक मूल्यमापनाची विश्वसनीयता तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनाचे आधार :
पहिला आधार मोजणीचा. असे बहुतेक खेळ सेकंदाला 60 फ्रेम या गतीने चालतात. एखादा प्रहार किती फ्रेममध्ये लागतो आणि तो अडवला गेल्यास पात्र किती फ्रेम असुरक्षित राहते, हे सुरुवातीलाच मोजता येते.

दुसरा आधार स्पर्धांच्या निकालांचा. येथे पात्राचे बळ आणि खेळाडूचे कौशल्य वेगळे करणे कठीण असते. शिवाय सोपी पात्रे आरंभी अधिक जिंकतात, कारण त्यांच्यावरील प्रतिडाव अद्याप कोणी शिकलेले नसतात. कठीण पात्रे मात्र दीर्घ सरावाअभावी दुर्बल भासतात.

एक उदाहरण :
'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' हा निन्टेन्डो गेमक्यूबवरील खेळ 2001 मध्ये प्रकाशित झाला. विक्रीनंतर इंटरनेटद्वारे त्यात सुधारणा करण्याची सोय नव्हती. तरीही श्रेणीवारी बदलत गेली. आरंभी शीक हे पात्र अग्रस्थानी मानले जाई. पुढे तो मान प्रायः फॉक्सला मिळाला. प्रारंभी खालच्या श्रेणीत गणलेल्या जिगलीपफसह हंग्रीबॉक्स या खेळाडूने 2016 ची इव्हो स्पर्धा जिंकली. योशी या दुर्लक्षित पात्रासह आमसा या जपानी खेळाडूने 2022 मध्ये 'द बिग हाऊस 10' जिंकली. एका असामान्य खेळाडूच्या विजयाने पात्र प्रबळ सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु 'या पात्राने मोठी स्पर्धा जिंकता येणार नाही' हे मत मात्र त्यामुळे खोटे ठरते. येथे पात्र तेच राहिले. वाढले ते खेळाडूंचे ज्ञान.

निष्कर्ष :
प्रारंभिक यादी पात्राच्या बळापेक्षा खेळाडूंच्या तत्कालीन ज्ञानाचेच मापन अधिक करते. तिचा खरा धोका असा की, 'दुर्बल' हा शिक्का बसताच कुशल खेळाडू त्या पात्राकडे पाठ फिरवतात, त्याचा अभ्यास खुंटतो आणि शिक्का आपोआप खरा ठरतो. आज निर्माते इंटरनेटद्वारे पात्रांत वेळोवेळी फेरफार करतात. त्यामुळे ज्ञान परिपक्व होण्यापूर्वीच पात्र बदलण्याचीही शक्यता असते. म्हणून प्रारंभिक यादीत मोजलेले काय व अनुमानित काय, कोणते प्रतिडाव अद्याप तपासलेले नाहीत आणि निकाल किती खेळाडूंच्या खेळावर आधारलेले आहेत, हे स्पष्ट नमूद करणे आवश्यक आहे.