ग्रहणाचा दोष नव्हे, पेशींची वाट चुकली

भातलावणीच्या दिवसांत आम्ही कासार आंबोलीला गेलो होतो. पिरंगुटच्या पुढे, पौडच्या रस्त्यावरचे हे मुळशीतले गाव. ज्या घरी उतरलो तेथे चार वर्षांचा मुलगा होता. त्याला अजून बसता येत नाही, वरचेवर फिट येते. आजी म्हणाली, "सूनबाईने ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ." सून खाली मान घालून भाकरी थापत होती. मेंदूचा फोटो काढला तेव्हा ‘मेंदूला वळ्या पडलेल्या नाहीत’ एवढेच त्यांना सांगण्यात आले होते. त्या का पडल्या नाहीत, हे कोणी समजावले नव्हते.

आम्ही समोरच्या खाचराकडे बोट दाखवले. "आजी, रोपं उगवली कुठे आणि लावलीत कुठे?"

वाचकहो, गर्भाच्या मेंदूतही अशीच लावणी चालते. मज्जापेशी जन्मतात मेंदूच्या आत, पाण्याने भरलेल्या पोकळीच्या कडेला. त्यांची जागा असते वर, पृष्ठभागाजवळ. हा प्रवास मुख्यत्वे तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात होतो. फरक इतकाच, की रोप माणसाने न्यावे लागते, पेशी स्वतः सरकत जाते. आतून बाहेर ताणलेल्या तंतूंना धरून ती वर चढते. गंमत अशी, की मागून निघालेल्या पेशी आधी पोहोचलेल्यांच्या गर्दीतून वाट काढून त्यांच्याही वर जाऊन बसतात.

ही वाट जनुके ठरवतात. पृष्ठभागाजवळच्या पेशी ‘रीलिन’ नावाचे प्रथिन सोडतात. पेशींचे थर नीट लागण्यास ते लागते. १९५१ साली एडिंबरोत झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांची नोंद झाली होती. त्यांच्यातले बिघडलेले जनुक ते हेच, असे १९९५ साली कळले. १९९३ साली सापडलेले ‘लिस-१’ हे जनुक पेशीचे केंद्रक पुढे ओढण्याच्या कामी येते. पेशी आधी पाय पुढे टाकते, मग केंद्रक ओढून घेते. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली तरी पेशी वाटेतच अडकतात आणि मेंदू गुळगुळीत राहतो.

असे शोध परदेशातच लागतात असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोले यांच्या चमूने २००७ साली उंदराच्या गर्भात अग्रमेंदूच्या मागच्या भागातून निघणारा पेशींचा एक लोंढा दाखवून दिला. भीतीसारख्या भावनांशी निगडित केंद्राकडे तो जातो.

आता त्या सुनेचे. ‘लिस-१’मधला बिघाड बहुधा नव्यानेच घडतो; आईबापांत तो नसतो. ‘डबलकॉर्टिन’ हे १९९८ साली सापडलेले दुसरे जनुक मात्र एक्स गुणसूत्रावर असते. त्यातला बिघाड आईकडून येऊ शकतो. मुलांना त्याचा जबर फटका बसतो, स्त्रियांत तो पुष्कळदा सौम्य असतो, आणि तिला स्वतःलाही त्याची कल्पना नसते. यात ग्रहण कुठे आले, आणि विळी कुठे आली? गरोदरपणातली दारू मात्र या प्रवासात खरोखर अडथळा आणते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

"मग दुसऱ्या बाळाचं?" सुनेने प्रथमच तोंड उघडले. दिवस राहण्याआधी मुलाची आणि आईबापांची जनुक-तपासणी करून घ्यावी, असे आम्ही कागदावर लिहून दिले. आजीने तो घडी करून आपल्या बटव्यात ठेवला.