आकड्यांची संगत

व्यवस्थापनशास्त्रात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा हल्लीचा शिरस्ता असा दिसतो की, प्रथम प्रश्नावली छापावयाची, ती तीनचारशे लोकांकडून भरून घ्यावयाची, उत्तरांचा तो ढीग संगणकाच्या हवाली करावयाचा आणि मग एखाद्या जाणत्या संख्याशास्त्रज्ञाचे दार ठोठावून, यास आता कोणती पद्धत लावावी, असा सवाल टाकावयाचा. हा क्रम उलटा आहे हे सांगावयास मोठी विद्वत्ता लागत नाही; परंतु तो उलटा का, हे उमगण्यासाठी अनेक चलांचा एकत्र विचार करणाऱ्या या बहुचल पद्धती कोणत्या अडचणीतून जन्मास आल्या ते पाहावे लागते, आणि पाठ्यपुस्तके बहुधा तेवढाच मजकूर गाळून पुढे जातात.

दिवाळखोरीचाच प्रश्न घेऊ. कर्ज देणारा मनुष्य ताळेबंद चाळून कारखान्याची प्रकृती अजमावीत असतो: खेळते भांडवल किती, देणे किती, नफा किती. 1966 साली विल्यम बीव्हर या अमेरिकन अभ्यासकाने अशी गुणोत्तरे एकेकटी तपासून, आगामी संकटाची वर्दी कोणते गुणोत्तर किती आधी देते, याची पद्धतशीर शहानिशा केली. तथापि एक गुणोत्तर ‘बुडणार’ म्हणते आणि दुसरे ‘तरणार’ म्हणते, तेव्हा कौल कोणाचा मानावयाचा, ही अडचण राहिलीच. दोन वर्षांनी न्यूयॉर्क विद्यापीठातील एडवर्ड ऑल्टमन यांनी 33 दिवाळे निघालेल्या आणि 33 चालू अशा 66 उत्पादक कंपन्या घेतल्या, त्यांची 22 गुणोत्तरे मांडली आणि त्यांतून पाच अशी निवडली की, ती योग्य त्या वजनाने एकत्र केली असता जो एकच अंक हाती येतो त्याने दोन्ही गट शक्य तितके दूर सारले जावेत.

खेळते भांडवल, राखून ठेवलेला नफा, व्याज व कर वजा जाण्यापूर्वीचा नफा आणि विक्री ही चार एकूण मालमत्तेशी ताडावयाची. पाचवी, म्हणजे भागांची बाजारातील किंमत, एकूण देण्याशी. एका काल्पनिक कारखान्यात ही गुणोत्तरे याच क्रमाने 0.10, 0.15, 0.08, 1.4 आणि शेवटचे 0.7 आहेत असे धरा. ऑल्टमन यांची वजने अनुक्रमे 1.2, 1.4, 3.3, 1.0 व 0.6, गुणाकार करून बेरीज घेतली म्हणजे 2.414 हा अंक येतो. 1.81 च्या खाली धोका, 2.99 च्या वर निर्धास्ती, आणि मधल्या टापूस खुद्द ऑल्टमन यांनी अज्ञानाचा पट्टा म्हटले. आपला कारखाना नेमका तेथेच अडकला आहे. एका आकडेमोडीच्या विद्येने आपल्या अज्ञानाची हद्द इतक्या उघडपणे आखून द्यावी, हे मला या शोधनिबंधातील सर्वांत सभ्य विधान वाटते.

परंतु खरी मौज विक्रीच्या गुणोत्तरात आहे. एकटे तपासले तेव्हा ते पाचांमध्ये सर्वांत कुचकामी ठरले. प्रत्येक गुणोत्तराची स्वतंत्र परीक्षा हीच निवडीची कसोटी असती तर त्यास प्रवेशच मिळाला नसता. उरलेल्या चौघांच्या संगतीत मात्र दोन गट वेगळे पाडण्याच्या कामी त्याचा क्रमांक दुसरा लागला. चल एकेकटा चाळून ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकण्याची जी सवय आपल्याकडील प्रबंधांत सर्रास दिसते, तिला याहून सणसणीत उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

असे का घडते हे कागद-पेन्सिलीने समजून घेता येते. एखाद्या कचेरीत नोकरीची वर्षे आणि पगार यांचा सहसंबंध 0.8 आहे. एक कारकून दोन्ही बाबतींत सरासरीच्या एक प्रमाणविचलन वर आहे. दुसरा वर्षांत तितकाच वर, पण पगारात तितकाच खाली. एकेक रकाना पाहिला तर दोघांतही वावगे काही नाही, आणि साध्या भूमितीने दोघेही मध्यापासून 1.41 इतक्याच अंतरावर. सहसंबंध हिशेबात धरताच पहिल्याचे अंतर 1.05 वर येते आणि दुसऱ्याचे 3.16 वर जाते. पुष्कळ वर्षे चाकरी करूनही कमी पगारावर राहिलेला हा मनुष्य कोणत्याही एका रकान्यात सापडत नाही. तो दोन रकान्यांच्या नात्यात सापडतो.

या अंतराचा उगम बऱ्याच अंशी नागपुरास आहे. 1920 साली तेथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात, कलकत्त्यास भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबीस यांची गाठ प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲनन्डेल यांच्याशी पडली, आणि कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अर्थ लावून द्यावा अशी विनंती ॲनन्डेल यांनी त्यांना केली. उंची, मस्तकाची लांबी, नाकाची रुंदी ही मापे परस्परांत गुंतलेली. ती नुसती बेरजेस धरली तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. या विवंचनेतून निघालेले ‘महालनोबीस अंतर’ 1936 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रोनाल्ड फिशर यांनी आयरिसच्या तीन जातींची 150 फुले चार मापांवरून वेगळी ओळखण्याची रीत मांडली. ऑल्टमन यांनी कंपन्यांस जी लावली ती हीच. फुले, माणसे आणि कारखाने यांना एकच गणित लागू पडावे, यात नवल असले तरी गूढ नाही, कारण प्रश्न सर्वत्र एकच होता.

जाता जाता एक दाखला नोंदवितो. इतिहासकार म्हणून मराठी वाचकांस सुपरिचित असलेले, गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना, 1943 साली, मोजक्या मापांऐवजी अखंड वक्ररेषांना लागू पडेल असे मुख्य घटकांचे, म्हणजे परस्परांत गुंतलेल्या अनेक मापांचा सारांश थोडक्या नव्या मापांत बांधणाऱ्या रीतीचे, विस्तारित रूप त्यांनी सिद्ध केले. पुढे कारहुनेन व लोएव यांनी ते स्वतंत्रपणे मांडले आणि जगभर पुष्कळ काळ त्या दोघांचीच नावे चालली.

प्रश्नावलीवाल्यांचे आवडते दैवत म्हणजे घटक विश्लेषण. चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्ये शाळकरी मुलांचे निरनिराळ्या विषयांतील गुण एकमेकांबरोबर चढतात-उतरतात हे पाहून त्यांच्यामागे एक सामान्य बुद्धी कल्पिली, आणि थर्स्टन यांनी पुढे एकाऐवजी अनेक घटकांची सोय केली. आज वीस विधानांवर ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत खुणा करवून घेतल्या की संगणक पाचसहा घटक काढून देतो, विद्यार्थी त्यांना ‘नेतृत्वगुण’, ‘संस्थानिष्ठा’ अशी भारदस्त नावे देतो, आणि नाव पडले की वस्तूही अस्तित्वात आली असे मानून प्रबंध पुढे सरकतो. किती घटक ठेवावेत यासाठी एकाहून मोठ्या मूल्याचे सर्व ठेवा, असा कायसर यांचा 1960 चा नियम प्रमाण मानला जातो. तो सोपा आहे आणि बहुधा गरजेपेक्षा अधिक घटक पदरात घालतो. जॉन हॉर्न यांनी 1965 मध्ये सुचविलेली रुजुवात अधिक प्रामाणिक आहे: आपल्या नमुन्याएवढेच निव्वळ यादृच्छिक आकडे तयार करावेत, त्यांतून कोणते घटक निघतात ते पाहावे, आणि त्यांहून बलवत्तर असतील तेवढेच आपले म्हणावेत. निरर्थक आकड्यांतूनही सुबक घटक निघतात हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी नावे ठेवताना पुष्कळच सावध होतो.

तेव्हा शिकणाऱ्याने आरंभ दोन चलांच्या सहसंबंध-सारणीपासून करावा, तिचे व्यस्त हाताने काढावे, वरील दोन कारकुनांची अंतरे स्वतः पडताळावीत, मगच संगणकाकडे वळावे. आणि नमुन्याचा काही हिस्सा बाजूस ठेवून तयार सूत्र त्यावर पारखावे. ज्या आकड्यांतून सूत्र काढले त्यांवरच ते अचूक ठरणे ही काही साक्ष नव्हे. ऑल्टमन यांच्या मूळ 66 कंपन्यांपैकी 63 दिवाळ्याच्या एक वर्ष आधीच्या ताळेबंदावरून बरोबर ओळखल्या गेल्या होत्या. दोन वर्षे आधीच्या ताळेबंदावरून हेच प्रमाण शेकडा 83 वर उतरले. नव्या कंपन्यांवरही त्यांनी सूत्र अजमावून पाहिले, आणि पुढे खासगी कंपन्यांसाठी बाजारभावाच्या जागी पुस्तकी किंमत घेऊन वजने नव्याने काढली. उत्पादनेतर व्यवसायांसाठी सूत्र बेतताना तर विक्रीचे गुणोत्तर त्यांनी समूळ वगळले, कारण मालमत्तेच्या मानाने विक्री किती व्हावी हे धंद्याधंद्यावर अवलंबून असते, आणि दुकान व गिरणी एकाच रांगेत उभी केली की त्या आकड्यातून कंपनीच्या प्रकृतीऐवजी तिचा धंदाच कळू लागतो.