चार मात्रांचे पाच गण

चार रुपये द्यायचे आहेत आणि खिशात एक व दोन रुपयांची नाणी आहेत. किती प्रकारे देता येतील? दोनाची दोन, दोनाचे एक आणि एकाची दोन, नाहीतर एकाची चार. झाले तीन प्रकार. मलकपेठेतल्या कोणत्याही दुकानदाराला एवढे पुरते. कोणते नाणे आधी हातावर पडले आणि कोणते मागून, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

आता नाण्यांच्या जागी अक्षरे ठेवा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. 'कविता', 'पुराण', 'अंगण' हे तीन शब्द म्हणून पाहा. तिन्हींत एक गुरू आणि दोन लघू. दुकानदाराच्या हिशेबाने तिन्ही एकच. कानाला मात्र ते तीन वेगळे आहेत: ललगा, लगाल, गालल. त्यांत 'माता'चा गागा आणि 'परिसर'चा लललल मिळवा, की चार मात्रा भरण्याचे पाच प्रकार होतात. सहावा नाही. बेरीज तीच, पण क्रम बदलला की प्रकार बदलला, असे मानून मोजणे ही छंदःशास्त्राची गरज होती, कारण पद्य एका वेळी सगळे दिसत नाही. ते एकामागून एक ऐकू येते.

आपल्या घरातली नातवंडे शाळेत तेलुगू शिकतात. त्यांना विचारून पाहा. 'कंद' पद्याचे गण कोणते, याचे उत्तर ती देतील: गग, भ, ज, स, नल. हे तेच पाच. 'सुमती शतक' याच कंदात आहे. आणि आजीला पाठ असलेली मोरोपंतांची आर्याही याच पाच गणांवर चालते. विषम जागी ज-गण, म्हणजे लगाल, नको आणि सहाव्या जागी ज किंवा नल हवा, हे नियमसुद्धा दोन्हीकडे सारखेच आहेत. घरातली आर्या आणि शाळेतला कंद ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. आपण त्यांची ओळख करून देत नाही, एवढेच.

पाच मात्रांचे प्रकार किती? यादी न करताही सांगता येते. शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्याआधी चार मात्रा भरलेल्या असणार. त्याचे प्रकार ५. शेवटचे गुरू असेल, तर आधी तीन मात्रा. त्याचे प्रकार ३. एकूण ८. म्हणजे प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. माधव जूलियनांनी 'छंदोरचना'त ज्याला पद्मावर्तनी म्हटले, त्या आठ मात्रांच्या आवर्तनात लघुगुरूंच्या ३४ मांडण्या बसतात त्या अशा. हा नियम विरहांकाच्या 'वृत्तजातिसमुच्चय' या प्राकृत ग्रंथात आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्राच्या 'छंदोनुशासना'त पुन्हा आहे. दोन्ही ग्रंथांचे संपादन केले ते मुंबईच्या विल्सन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक ह. दा. वेलणकर यांनी. जगात ही माला फिबोनाची या नावाने चालते. पीसाच्या लिओनार्दोने १२०२ साली सशांच्या जोड्या मोजताना ती मांडली. नावावरून भांडण्यात मला फारसा रस नाही. सशांच्या जोड्या मोजणाऱ्याला मांडणीचा क्रम लागत नव्हता आणि आपल्या छांदसिकांना तोच हवा होता, हा फरक मला जास्त मोलाचा वाटतो.

आर्येचा पहिला अर्ध ३० मात्रांचा: चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या जागी ज-गण वर्ज्य, म्हणून तिथे चार-चार पर्याय. दुसऱ्या आणि चौथ्या जागी पाचही चालतात. सहाव्या जागी दोनच. ४×५×४×५×४×२×४ म्हणजे १२,८००. दुसरा अर्ध २७ मात्रांचा. त्यात सहाव्या जागी नुसता एक लघू, म्हणून तिथे पर्याय एकच आणि एकूण ६,४००. दोहोंचा गुणाकार ८ कोटी १९ लाख २० हजार. आर्या म्हणून जे सांगता येईल, त्याची इतकी रूपे आहेत. पंतांच्या 'आर्या' मात्र बहुतेक गीती आहेत. तिचे दोन्ही अर्ध ३० मात्रांचे. तिची रूपे १६ कोटी ३८ लाख ४० हजार. हजारो आर्या रचूनही पंतांना जागा अपुरी पडली नाही, ती यामुळे.

याच मोजणीची सगळ्यात देखणी वाढ आपल्या मराठवाड्यात झाली. 'संगीतरत्नाकरा'चा कर्ता शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी श्रीकरणात, म्हणजे हिशेबाच्या दफ्तरात, अधिकारी होता. (दफ्तरात नोकरी आणि घरी गाणे, ही जोडी हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना नवी वाटायची नाही.) त्याने ताल मोजले. तालाचे तुकडे दोन नसून चार: द्रुत, त्याच्या दुप्पट लघू, चौपट गुरू, सहापट प्लुत. युक्ती तीच. शेवटचा तुकडा कोणता, एवढेच विचारायचे. तो द्रुत असेल तर एक द्रुत मागे जा, लघू असेल तर दोन, गुरू असेल तर चार, प्लुत असेल तर सहा. त्या त्या ठिकाणचे आकडे मिळवा. माला येते १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६०. पुढे १३५६ साली नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त छंद आणि ताल बाजूला ठेवून नुसत्या संख्यांचीच अशी मोजणी केली.

एवढ्या मोजणीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. छंदःशास्त्रात सगळी रूपे ओळीने मांडतात, त्याला प्रस्तार म्हणतात. त्यातली एखादी ओळ पुसली गेली, तर केवळ तिच्या क्रमांकावरून ती परत उभी करण्याच्या रीतीला 'नष्ट' असे नाव आहे. पण मुळात काही पुसले गेले आहे हे कळायला एकूण संख्या हाती हवी. चार मात्रांचे गण सांगताना कोणी चारच सांगितले, तर एक विसरला हे आपण ताबडतोब म्हणू शकतो. बहुधा तो ज-गणच असतो.

सहा द्रुतांच्या तालाचे १९ प्रकार कागदावर मांडून पाहा. नातवंडांनाही बसवा. अठराच आले, तर शोधायला लांब जाऊ नका: सहाचे तुकडे करण्याच्या नादात एक आख्खा प्लुत, म्हणजे न तोडलेला सहा, लिहायचा राहिला असेल.