खोटी माहिती की चुकीची माहिती: कायदा फरक कसा करतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या हेल्पलाइनवर एक व्हॉट्सॲप संदेश आला. शहरात ३४ गाड्यांमध्ये मानवी बॉम्ब आहेत, सोबत ४०० किलो आरडीएक्स आहे, असे त्यात म्हटले होते. लालबाग-परळपासून गिरगाव चौपाटीपर्यंत विसर्जनाची तयारी जोरात होती. पोलिसांना बंदोबस्त आणखी कडक करावा लागला. वरळी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि संशयिताला नोएडातून अटक झाली. जुन्या वैरातून ओळखीच्या माणसाला अडकवण्यासाठी हा संदेश पाठवला होता, असे पोलिसांनी सांगितले.

अशी बातमी वाचली की अनेक जण धास्तावतात. आपण काही कळवले आणि ते चुकीचे निघाले तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल का? या भीतीने गप्प बसण्याआधी भारतीय न्याय संहितेचे कलम २१७ नेमके काय तपासते, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: माहिती कोणाला दिली? ती लोकसेवकाला दिलेली असावी लागते. लोकसेवक म्हणजे कायद्याने अधिकार दिलेला सरकारी किंवा पालिकेचा माणूस. काळाचौकी किंवा भोईवाडा ठाण्यातले पोलीस, फोर्टच्या जुन्या जकात घरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातले अधिकारी, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले अभियंते, शिधावाटप अधिकारी हे सगळे त्यात येतात. चाळीच्या गॅलरीत शेजाऱ्याविषयी केलेली कुजबुज या कलमात बसत नाही.

दुसरी पायरी: देणाऱ्याला खरे काय ते ठाऊक होते का? साऱ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. माहिती खोटी असणे पुरेसे नाही. ती खोटी आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे, किंवा आपला तसा समज असला पाहिजे. दादर स्टेशनबाहेर बेवारस बॅग दिसली, आपण ११२ वर कळवले आणि तिच्यात कपडे निघाले, तर तो गुन्हा नाही. मुंबईतल्या मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर स्फोटकांनी भरलेली, न फुटलेली स्कूटर सापडली होती. संशय आला तर कळवावे, असे पोलीस सांगतात ते यासाठीच.

तिसरी पायरी: हेतू काय होता? कलम २१७ दोन गोष्टी पाहते. खरी परिस्थिती कळली असती तर लोकसेवकाने जे केले नसते ते त्याच्याकडून करवून घेणे, किंवा त्याचा अधिकार वापरून दुसऱ्याला इजा वा त्रास देणे. कोणाचे नाव घेतलेच पाहिजे, असेही नाही. अमुक गावाजवळ मला लुटले, अशी खोटी खबर कोणी दिली, तर पोलीस त्या गावात झडत्या घेणार आणि गावकऱ्यांना त्रास होणार; हे उदाहरण कायद्यातच दिले आहे.

चौथी पायरी: गुन्हा पूर्ण कधी होतो? दौलतराम विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लोकसेवकाला कारवाईसाठी हलवले, तेव्हाच गुन्हा घडला. अधिकाऱ्याने पुढे काहीच केले नाही, ही पळवाट ठरत नाही.

पाचवी पायरी: शिक्षा किती? १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे. जुन्या दंडविधानाच्या कलम १८२ ची जागा आता २१७ ने घेतली आहे. त्यात १ वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पूर्वी ही मर्यादा ६ महिने आणि १,००० रुपये होती. इजा करण्याच्या हेतूने एखाद्यावर गुन्ह्याचा खोटा आरोप केला, तर कलम २४८ लागते. तिथे शिक्षा ५ वर्षांपर्यंत जाते. आरोपच फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा असेल, तर १० वर्षांपर्यंत.

सहावी पायरी: खटला कोण चालवतो? लोक सर्वांत जास्त इथे चुकतात. ज्याच्याविरुद्ध खोटा अर्ज झाला, त्याला स्वतः जाऊन २१७ चा खटला उभा करता येत नाही. ज्या लोकसेवकाला खोटी माहिती दिली गेली त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. दौलतराम प्रकरणात खबर तहसीलदाराला दिली होती. त्याची लेखी तक्रार नव्हती, म्हणून शिक्षा टिकली नाही. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. शिवाय न्यायालयाला साधारण १ वर्षाच्या आतच दखल घेता येते. आपण बळी असाल, तर त्या अधिकाऱ्याकडे लवकर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुसरी नेहमीची गफलत तपासाच्या शेवटी होते. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना समरी अहवाल पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी समरी म्हणजे तक्रार खोडसाळपणे खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. सी समरी झाली म्हणजे आपल्याला खोटे ठरवले, असे समजू नका. बी समरी झाली, तरी शिक्षा आपोआप होत नाही; खोटेपणा माहीत होता, हे न्यायालयात वेगळे सिद्ध करावे लागते.

तिसरी चूक कागदावरची. गिरणी कामगारांच्या घरासाठी, शिधापत्रिकेसाठी किंवा वारसाच्या दाखल्यासाठी आपण प्रतिज्ञापत्र करतो. दुसऱ्याने भरलेला मजकूर न वाचता सही केली जाते. सहीनंतर तो मजकूर आपला ठरतो, आणि शपथेवरच्या खोट्यासाठी वेगळी कलमे आहेत. ज्या ओळीबद्दल खात्री नाही, ती सहीपूर्वी खोडून घ्या.

शेवटची पायरी आपल्या हातातली आहे. तक्रार लिहिताना डोळ्यांनी पाहिले ते, दुसऱ्याकडून ऐकले ते आणि नुसता संशय आहे ते, अशा तीन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. राग आला म्हणून जास्तीचे नाव घालू नका. त्या नावामागे एक घर असते, आणि पोलिसांची खेप त्या घराला वर्षानुवर्षे पुरते. नंतर काही चुकले असे कळले, तर वाट न पाहता ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या. चूक कळताच ती सुधारणाऱ्या माणसाने मुद्दाम खोटे सांगितले, असे म्हणणे कोणालाही अवघड जाते.