संगणकाचें बिऱ्हाड

ज्यांचे घरीं बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला असेल, त्यांस ठाऊकच आहे कीं, भांडींकुंडीं व अंथरुणें नव्या जागेंत पोंचलीं म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. पोस्टांत नवा पत्ता कळवावा लागतो. नाहीं तर पत्रें जुन्याच दारांत जाऊन पडतात. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या एस. एस. डी. वर नेणें हें कामही याच जातीचें आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे घरीं तें मीं केलें. त्याची हकीकत व कारणें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचे वडिलांचें लहानसें किराणा दुकान आहे, व त्याचा आठ वर्षांचा जमाखर्च घरच्या संगणकांत आहे. सकाळीं संगणक सुरू करून वडील स्नानास जात व परत येत, तरी पडद्यावरचें चक्र फिरतच असे. हा दोष संगणकाच्या बुद्धीचा नव्हे, डिस्कचा होता. हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या गरगर फिरतात, व एक बारीक दांडा त्यांवरील मजकूर वाचीत असतो. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें असलें पहिलें यंत्र बाजारांत आणिलें, तेव्हां त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, यंत्राचें वजन सुमारें एक टन होतें, आणि इतकें असून त्यांत अवघीं पन्नास लाख अक्षरें मावत!

आतां थोडें गणित करूं. आमची डिस्क मिनिटास ७२०० फेरे घेई, म्हणजे सेकंदास १२०. हवी ती जागा दांड्याखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारें २४० वा भाग लागतो. दांडा सरकण्याचा वेळ त्यांत मिळवितां प्रत्येक खेपेस सेकंदाचा शंभरावा भाग खर्च होतो असें धरण्यास हरकत नाहीं. संगणक सुरू होतांना असंख्य लहान लहान फाइली वाचाव्या लागतात. अशा दहा हजार खेपा झाल्या, तर शंभर सेकंद केवळ वाट पाहण्यांत गेले! एस. एस. डी. मध्यें फिरणारें असें कांहींच नाहीं. तिच्यांतील फ्लॅश स्मृति ही जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांची कल्पना; तिचा जो प्रकार आज एस. एस. डी. मध्यें वापरतात, तो १९८७ सालीं जगापुढें आला. सूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार कोंडून ठेवावयाचा व तो आहे कीं नाहीं हें पाहून मजकूर वाचावयाचा, असें तिचें तत्त्व आहे. तिला एका खेपेस सेकंदाचा दहाहजारावा भाग धरला, तरी त्याच दहा हजार खेपा एका सेकंदांत आटोपतात.

मग सर्व फाइली नव्या डिस्कवर उतरवून घेतल्या म्हणजे झालें, असें मला प्रथम वाटलें होतें. परंतु तसें नाहीं. संगणकास वीज मिळतांच त्याच्या मुख्य पाटींतील एक लहानसा प्रोग्रॅम डिस्कवरील एका छोट्या, एरवीं न दिसणाऱ्या भागाकडे जातो, व तेथील लेखावरून विंडोज कोठें आहे हें त्यास कळतें. नेहमींच्या रीतीनें फाइली उतरविल्या तर हा भाग मागेंच राहतो. घर भरलेलें, पण पत्ता कोणासच ठाऊक नाहीं! म्हणून एक तर सर्व कांहीं नव्यानें स्थापावें, किंवा डिस्कची भागांसकट हुबेहूब नक्कल करावी. पहिला मार्ग अधिक स्वच्छ खरा, पण जमाखर्चाचा प्रोग्रॅम पुन्हां बसविण्यास वडील राजी नव्हते. आम्हीं क्लोनझिला हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेऊन नक्कल करण्याचें ठरविलें. त्यास नवी डिस्क निदान जुनीएवढी तरी लागते. जुनी ५०० गिगाबाइटची असतां ४८० ची घेतली, तर भाग आधीं लहान करण्याची यातायात पडते. म्हणून मीं ५०० चीच आणिली, आणि तेथेंच माझी फसगत व्हावयाची होती.

ज्या डब्यास आपण सर्व जण सीपीयू म्हणतों (खरा सीपीयू त्याच्या आंत बिस्किटाएवढा असतो), तो उघडून मीं दोन्ही डिस्का जोडल्या. नवी चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तीवर आदले दिवशींच एक रिकामा भाग करून ठेविला होता. पडद्यावर दोन ओळी आल्या. दोहोंपुढें आंकडा तोच, ५००. मूळ कोणती व नक्कल कोणतीवर, हें निवडून मीं पहिल्या प्रश्नास "होय" असें उत्तर दिलें. इतक्यांत मागें उभी असलेली आई म्हणाली, "यांतली नवी कोणती रे?" मला सांगतां येईना! डब्यांत वांकून लेबलावरील क्रमांक पडद्याशीं ताडून पाहिला, तों दिशा उलटी निघाली. आणखी एकदां "होय" म्हटलें असतें, तर रिकाम्या डिस्कची नक्कल आठ वर्षांच्या जमाखर्चावर उमटली असती. आणि त्याची दुसरी प्रत मीं कोठेंही काढली नव्हती. त्या दिवशीं काम तेथेंच थांबविलें. सायंकाळीं हिशेब व घरचीं छायाचित्रें एका वेगळ्या डिस्कवर उतरविलीं, आणि नक्कल दुसरे दिवशीं केली.

ज्यांची डिस्क बिटलॉकरनें कुलुपबंद असेल, त्यांनीं त्याची किल्ली, म्हणजे तो अठ्ठेचाळीस आंकड्यांचा क्रमांक, आधीं कागदावर उतरून घ्यावा. नक्कल झाल्यावर पहिल्यानें संगणक सुरू करतांना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोघींची ओळखखूण एकच झाल्यामुळें विंडोज घोटाळ्यांत पडते. एक गोष्ट मात्र सुधारली नाहीं. आमची विंडोज १० जशीच्या तशी नव्या घरीं आली, आणि तिला मिळणारें मायक्रोसॉफ्टचें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें आहे. तिचें काय करावयाचें हा प्रश्न शिल्लकच आहे.

आतां संगणक अर्ध्या मिनिटाच्या आंत सुरू होतो, व वडिलांस स्नान आधीं उरकून घ्यावें लागतें. जुनी डिस्क फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेविली आहे. मार्चअखेरचा हिशेब जुळेपर्यंत तिला कोणी हात लावूं नये, असें त्यांनीं बजावलें आहे.